परदेशी दाता आणि आपले मूल

(तुर्भे, नवी मुंबई येथील एका बुद्धविहारात वर्षावासानिमित्त झालेले व्याख्यान)



वर्षावासाच्या काळात आपण येथे दर रविवारी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करीत असतो. आजच्या वाचनानंतर चार शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी मला केली आहे. मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्यापैकी काहींना आपल्याच घरातला वाटेल आणि म्हणून बोचेलही. परंतु घरातल्या गोष्टी विहारात बोलावयाच्या नाहीत असे ठरविले, तर मग विहाराचा उपयोग तरी काय?

विषय असा. सातासमुद्रापलीकडील ख्रिस्ती माणसे आपल्या देशातील गरीब मुलांच्या शिक्षणाचा आणि अन्नवस्त्राचा खर्च उचलतात. एक दाता, एक मूल, दरमहा एक ठरलेली रक्कम, वर्षातून काही पत्रे आणि मुलाचे एक छायाचित्र, अशी ही पद्धत आहे. आपल्या वस्त्यांत तिला 'स्पॉन्सर' या एकाच शब्दाने ओळखतात. काही दाते व त्यांच्या चर्चमधील तरुण मंडळी सुटीच्या दिवसांत येथे येतात, मुलांना भेटतात, काही दिवस सेवा करून परत जातात. या मदतीकडे बौद्ध म्हणून आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम एक साधी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी दगडखाणीच्या कडेच्या वस्तीतील एक बाई माझ्याकडे इंग्रजी पत्र वाचून घेण्यासाठी आली. खडी फोडण्याचे काम करणारी, मराठवाड्यातून आलेली, आपल्यातलीच. तिच्या मुलाला परदेशातील एका कुटुंबाने स्पॉन्सर केले होते. पत्र अत्यंत जिव्हाळ्याचे होते. लिहिणारी कोणी वृद्ध स्त्री असावी. मुलाचा खोकला बरा झाला का, असे तिने विचारले होते आणि तुझ्यासाठी मी रोज प्रार्थना करते असे लिहिले होते. मी अर्थ सांगितला तेव्हा बाईच्या डोळ्यांत पाणी आले. मग ती म्हणाली, "गुरुजी, आता उत्तर असं लिहा की पैसे चालू राहतील." म्हणजे कसे, असे मी विचारले. ती हळूच म्हणाली, "बाप नाही म्हणून लिहा." बाप तर माझ्याच दारात ओट्यावर बसलेला होता.

पुढच्या आठवड्यात मुलाचे नवे छायाचित्र पाठवावयाचे होते, म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेलो. भिंतीवर जेथे बाबासाहेबांची तसबीर असे, तेथे नुसता खिळा दिसला. तसबीर पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवली होती. "कोणी सांगितले काढावयास?" "कोणी नाही सांगितलं. पण उगीच कशाला, गुरुजी?" मी पुढे चौकशी केली. संस्थेच्या माणसांनी खरोखरच तसे काही सांगितलेले नव्हते. तसबीर तिने स्वतः होऊन उतरविली होती.

उपासकहो, पत्र लिहिणाऱ्या त्या वृद्ध स्त्रीचा यात दोष नाही. आपल्या बाईला दोष देण्याचा अधिकार तर मला मुळीच नाही. तिच्या मुलाची वह्यापुस्तके मी घेऊन दिली नव्हती, तुम्हीही घेऊन दिली नव्हती. मग देणारी सज्जन आणि घेणारी प्रामाणिक असताना बाबासाहेब पेटीत का गेले? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांच्या कार्याचे मोठे केंद्र झाले. तेथील मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा त्यांना त्यातून मिळाली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ज्या काळी आमच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्या काळी या परक्या माणसांनी आमच्या मुलांना पाटी दिली, हे कृतघ्न होऊन विसरणे आपणांस शोभणार नाही. परंतु त्याच जोतीरावांनी मिशनकडून विद्या घेतली, धर्म घेतला नाही, आणि १८७३ साली आपला सत्यशोधक समाज उभा केला, हेही तितकेच ध्यानात ठेविले पाहिजे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. १८८७ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. गावोगावच्या मंडळांतील सभासदांनी दहा वर्षे दरसाल निदान एक डॉलर देण्याचे वचन दिले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल असे ठरले होते. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या तेव्हा १८९३ साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी जबरदस्ती केली असे कोणी सिद्ध केले नाही. परंतु निराधार मुलीला छप्पर देणारी व्यक्ती शेजारच्या खोलीत डोळे मिटून प्रार्थना करीत असेल, तर त्या मुलीच्या तेथे जाण्यात श्रद्धा किती, माया किती आणि आश्रय सुटण्याची भीती किती, हे कोण सांगू शकेल? ती मुलगी स्वतः तरी सांगू शकेल काय?

पुढे १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने आपल्या वाचकांना आवाहन केले की, वर्षाला पंधरा डॉलर द्या आणि हिंदुस्थानातील दुष्काळात अनाथ झालेले एक मूल सांभाळा. त्या काळच्या हिशेबाने ही रक्कम सुमारे पंचेचाळीस रुपये होते. हजारो मुले या योजनेखाली आली. आपल्या अहमदनगर, सोलापूर भागांतील मिशनच्या अनाथालयांतही ती होती. म्हणजे ज्याला आज 'स्पॉन्सर' म्हणतात ती रीत महाराष्ट्राच्या भूमीवर सव्वाशे वर्षांपूर्वीच येऊन गेलेली आहे. ती मुले वाचली. त्यांतील पुष्कळ ख्रिस्ती झाली. त्यांच्या आईबापांना कोणी विचारले नाही, कारण आईबाप दुष्काळाने गिळले होते. आणि त्यांच्या गावातील सावकार, पाटील व देशमुख यांनी त्यांना घासभर अन्न दिले नव्हते. जे हिंदू पुढारी पुढे धर्म बुडाल्याची ओरड करू लागले त्यांना विचारावयाचे ते एवढेच, की मूल उपाशी होते तेव्हा आपण कोठे होता?

दुसऱ्या महायुद्धानंतर या पद्धतीने संघटित रूप घेतले. वर्ल्ड व्हिजन ही संस्था १९५० साली आणि कम्पॅशन इंटरनॅशनल ही १९५२ साली, दोन्ही अमेरिकेत, कोरियातील युद्धाने अनाथ झालेल्या मुलांच्या निमित्ताने वाढल्या. कम्पॅशनने १९६८ पासून भारतात काम केले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिच्या पैशावर पूर्वपरवानगीची अट घातली आणि मार्च २०१७ मध्ये तिने येथील काम बंद केले. त्या वेळी देशातील सुमारे १,४५,००० मुले तिच्या मदतीवर होती. वर्ल्ड व्हिजनच्या भारतीय शाखेची परकीय निधी घेण्याची नोंदणी जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली.

या मदतीचा उपयोग होतो की नाही, यावर केवळ भावनेने बोलणे योग्य नाही. वायडिक, ग्लेवे आणि रटलेज या तीन अर्थशास्त्रज्ञांनी भारतासह सहा देशांतील १०,१४४ व्यक्तींची पाहणी करून २०१३ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कम्पॅशनची मदत मिळालेली मुले सरासरीने एक ते दीड वर्ष अधिक शिकली आणि माध्यमिक शिक्षण पुरे करणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात बरेच वाढले, असे त्यांना आढळले. गरिबाच्या मुलाच्या आयुष्यात शाळेचे एक वर्ष म्हणजे काय, हे आपणांस कोणी सांगावयास नको. दहावीला बसणे आणि आठवीतून नाक्यावर उभे राहणे, एवढे अंतर त्या एका वर्षात असते.

म्हणून जे म्हणतात की, हे सगळे बंद पडले ते बरे झाले, त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्या दिवशी ती मदत थांबली, त्या दिवशी त्या दीड लाख मुलांच्या दारात दुसरा कोण गेला? धर्मरक्षणाच्या गर्जना करणारे गेले नाहीत, आणि आपणही गेलो नाही. पैशाचा मार्ग बंद करणे सरकारला एका कागदाने जमते. मुलाची फी भरणे कागदाने जमत नाही. परकीय पैशाचा हिशेब सरकारने मागावा, कडक मागावा. परंतु हिशेबाच्या निमित्ताने ज्यांची वही बंद झाली त्यांची जबाबदारी कोणावर, याचे उत्तरही त्याच सरकारने दिले पाहिजे.

दुसरे टोकही मला मान्य नाही. पुष्कळजण म्हणतात, मिळते ते घ्यावे, त्यांची प्रार्थना म्हणावी, आपले काय जाते? जाते, उपासकहो! पेटीत गेलेली तसबीर पाहणारे मूल काय शिकले, याचा विचार करा. आपले खरे नाव, आपला बाप आणि आपले बाबासाहेब ही लपविण्याची गोष्ट आहे, हे ते शिकले. शाळेने दहा वर्षांत दिलेले त्या एका दुपारी निघून गेले.

दौऱ्यावर येणाऱ्या मंडळींविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु चार दिवस शाळेच्या भिंती रंगवावयाच्या, मुलांना गाणी शिकवावयाची, कडेवर घेऊन छायाचित्रे काढावयाची आणि विमानात बसावयाचे, याने मुलाला काय मिळते? भिंत रंगविणारे रंगारी आपल्या तुर्भे नाक्यावर सकाळी सातपासून कामाची वाट पाहत उभे असतात, आणि त्यांतील कित्येक त्याच मुलांचे बाप असतात. त्या बापाला मजुरी मिळाली असती तर मुलाला आपला बाप कामाचा आहे हे दिसले असते. शिवाय पर्यटकाच्या परवान्यावर येऊन धर्मप्रचार करणे आपल्या देशाच्या नियमांत बसत नाही. मिशनरी कार्यासाठी वेगळा परवाना आहे. ज्यांना सेवा करावयाची आहे त्यांनी नियम पाळून, उघडपणे यावे.

याहून गंभीर गोष्ट देखरेखीची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये याच आपल्या नवी मुंबईत, सीवूड्स भागातील एका चर्चच्या जागेत चालणाऱ्या बेकायदा वसतिगृहातून ४५ मुलांना सरकारी यंत्रणेने हलविले. अत्याचाराच्या तक्रारीवरून तेथील चालकास अटक झाली. खटल्याचा निर्णय देणे माझे काम नव्हे. परंतु यावरून कोणी ख्रिस्ती धर्माला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू लागेल, तर त्याला मी पनवेलजवळील मतिमंद मुलींच्या बालगृहाची आठवण देईन. तेथील अत्याचार २०११ मध्ये उघड झाले आणि २०१३ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरविले. तेथे चर्चचा काहीही संबंध नव्हता. जेथे गरिबाचे मूल बंद दाराआड असते आणि दार उघडून पाहणारा कोणी नसतो, तेथे दारावर कोणत्या धर्माची पाटी आहे याने फरक पडत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मदत घेणे हेच लाजिरवाणे आहे काय? तसे असेल तर परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपणांस नव्याने लिहावे लागेल! कारण बाबासाहेब हे स्वतः दात्याच्या पैशावर शिकलेले विद्यार्थी होते. केळुसकर गुरुजींच्या मध्यस्थीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपये दिले. पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. त्याच्या बदल्यात काय अट होती? दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी. अट लेखी होती, ती सज्ञान माणसाने समजून घेऊन मान्य केली होती, आणि तीत कोणत्या देवाला नमस्कार करावा असे एक अक्षरही नव्हते. त्यांना आपले दारिद्र्य रंगवून दरमहा पत्र लिहावे लागले नाही.

याच कथेचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. अट पाळण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास गेले, तेव्हा एवढ्या विद्वान पुरुषाला त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. दात्याच्या औदार्याने एक विद्यार्थी मोठा झाला; समाज होता तेथेच राहिला. बाबासाहेबांनी यातून जो धडा घेतला तो त्यांच्या कार्यातच दिसतो. त्यांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, आणि तिच्यातर्फे सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची तरतूद करून घेतली. दात्याच्या मर्जीवर मिळणारी गोष्ट त्यांनी नागरिकाच्या हक्काची केली. मर्जी आणि हक्क यांतील हा फरक हाच आपल्या चळवळीचा गाभा आहे.

ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयीही बाबासाहेबांनी इंग्रजीत निबंध लिहिले. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांत त्यांचा प्रश्न असा आहे की, धर्मांतरानंतर या माणसाचा सामाजिक दर्जा बदलला काय, त्याच्या अंगी अन्यायाविरुद्ध लढण्याचे बळ आले काय? किती पोटे भरली, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नव्हते. आपणही दात्याला, आणि स्वतःलाही, हाच प्रश्न विचारला पाहिजे.

येथे एक गोष्ट सरकारलाही सुनावणे प्राप्त आहे. मदतीला धर्माची अट लावणे हे आमिष, असे सरकार म्हणते. मान्य! मग १९५६ साली आम्ही बुद्धाला शरण गेलो, त्या क्षणी केंद्राच्या दृष्टीने आम्ही अनुसूचित जातीचे उरलो नाही, ते कशामुळे? ती मान्यता परत मिळावयास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे आपल्या मुलांपुढे हा प्रश्न होता की, अर्जाच्या रकान्यात खरा धर्म लिहावा की सवलत टिकेल असा लिहावा. तसबीर पेटीत ठेवण्याचाच तो प्रकार नव्हता काय? धर्मांतराने अस्पृश्यता शेजाऱ्याच्या मनातून जात नाही, हे आपण भोगून जाणतो. म्हणून ख्रिस्ती झालेल्या आपल्याच भावंडांना १९५० च्या आदेशाने अद्याप जी मान्यता नाकारली जाते, त्यासंबंधी त्यांची बाजू न्यायाची आहे असे म्हणण्याचा मनाचा मोठेपणा आपण दाखविला पाहिजे. मुलाच्या भाकरीवर धर्माची अट असू नये, हे तत्त्व मिशनला लागू आहे तसेच सरकारलाही लागू आहे.

आणि ते आपल्यालाही लागू आहे. इंग्लंडमधील बौद्धांनी १९८० साली सुरू केलेले करुणा ट्रस्ट घरोघरी जाऊन निधी गोळा करते आणि त्यातून महाराष्ट्रात मुलामुलींची वसतिगृहे व इतर कामे चालत आलेली आहेत. हे उपकार आपण मानतो. परंतु आपल्या वसतिगृहात मातंग समाजाचा, भटक्या जमातीचा अथवा मुसलमान मुलगा आला, तर त्याला पंचशील म्हटल्यावाचून ताट मिळते की नाही? मिळत नसेल तर मिशनवर टीका करण्याचा अधिकार आपण गमावला.

तथागतांचा आदर्श या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. आळवी नगरीतील कथा आपण ऐकली असेल. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, दिवसभर उपाशी राहून धम्म ऐकावयास आला. भगवंतांनी प्रथम त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि त्याचे जेवण होईपर्यंत ते थांबले. भूक हा सर्वांत मोठा रोग आहे, भुकेलेल्यास धम्म कळत नाही, हे ते जाणून होते. भूक ही विचाराची शत्रू आहे. तिचा फायदा घेऊन दिलेला उपदेश हा उपदेश नव्हे. उपालि गृहपतीची कथा तर आजच्या प्रसंगासाठीच सांगितल्यासारखी आहे. हा निर्ग्रंथांचा श्रीमंत उपासक भगवंतांचा अनुयायी होण्यास निघाला, तेव्हा भगवंत त्याला म्हणाले की, नीट विचार कर. आणि तुझ्या घरी निर्ग्रंथांना जी भिक्षा मिळत आली आहे ती बंद करू नकोस. येणाऱ्याला विचार करावयास लावणे आणि दुसऱ्या पंथाचे अन्न तोडू न देणे, असा हा धम्म आहे. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास घोषणा केली. निरनिराळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्या भेटीस आले. त्यांनी एकवीस वर्षे अभ्यास केला आणि मग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. त्यांच्यासारख्या महापुरुषास जो निर्णय घेण्यास एकवीस वर्षे लागली, तो आठ वर्षांच्या मुलाकडून वह्यांच्या मोबदल्यात कोणी घेऊ नये.

त्या दीक्षासमारंभात दीक्षा घेणाऱ्यांत नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी हेही होते. मध्यप्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे तेच अध्यक्ष होते, आणि तिचा अहवाल त्याच १९५६ साली आला. आमिषाने होणाऱ्या धर्मांतरावर कठोर टीका करणाऱ्या त्या वृद्ध न्यायाधीशाने स्वतः मात्र विचारपूर्वक धर्म बदलला. त्या अहवालाचा आधार घेऊन धर्मांतरावरच बंदी मागणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. आमिषाला विरोध आणि धर्मांतराच्या स्वातंत्र्याचे रक्षण या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याला एकाच वेळी करता येतात. आपली भूमिका तीच असली पाहिजे.

मग दाता कोणीही असो, त्याला लावावयाच्या कसोट्या कोणत्या? माझ्या मते चार. पहिली, मदतीच्या मोबदल्यात प्रार्थना, उपासना अथवा धर्मशिक्षण यांची अपेक्षा असू नये. राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणास बसविता येत नाही, असे आपल्या संविधानाचे २८ वे कलम सांगते. दुसरी, मुलाच्या दारिद्र्याचे प्रदर्शन होऊ नये. बाप जिवंत असता तो नाही असे लिहावे लागणार नाही, अशी व्यवस्था हवी. तिसरी, मूल केवळ गरिबीमुळे आईबापांपासून तोडले जाऊ नये. आणि निराधार मुलांना ठेवणारी संस्था २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदलेली असावी. चौथी, हिशेब दात्याच्या देशात जितका उघड असेल तितकाच आपल्या वस्तीतही उघड असावा. जी संस्था या चार कसोट्यांस उतरेल, तिची मदत ख्रिस्ती असो वा बौद्ध, ताठ मानेने घ्यावी. जी उतरणार नाही, तिला नम्रपणे नकार द्यावा.

परंतु नकार देण्याचे सामर्थ्य नुसत्या भाषणाने येत नाही. नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करा, असे सांगितले होते. मला हिशेब करू द्या. दरमहा पंधरा हजार मिळविणाऱ्याचा विसावा भाग साडेसातशे रुपये होतो. अशी चाळीस घरे एकत्र आली तर दरमहा तीस हजार रुपये जमतात. सरकारच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्याच मापाने मोजले तर चाळीस घरांच्या विसाव्या भागात तेरा मुलांची सोय होते. आणि ज्या मुलांचे आई किंवा वडील वारले आहेत, अशा आपल्या वस्तीतील किती घरांना ही योजना ठाऊक आहे? तिचे अर्ज भरून देणे हे दर रविवारी या विहारातच करता येईल. हक्काचे पैसे सरकारी तिजोरीत पडून राहावेत आणि आपण परक्या दात्याला पत्रे लिहीत बसावे, यासारखी शोकाची गोष्ट नाही.

अध्यक्ष महाराज, माझी सूचना एवढीच आहे. या वर्षावासाच्या अखेरीस या विहाराने मुलांच्या शिक्षणासाठी विसाव्या भागाचा निधी सुरू करावा. मुलाचे छायाचित्र मागू नये, आभाराचे पत्र मागू नये, दात्याचे नाव मुलाला कळू नये. मुलाची जात व धर्म विचारू नये. फक्त ते शाळेत जाते की नाही एवढे पाहावे.

त्या बाईचा मुलगा आता मोठा झाला आहे. वाशीच्या बाजारात हिशेब लिहितो. परदेशातील त्या वृद्ध स्त्रीची मदत मध्येच थांबली. का, हे त्याला कधी कळले नाही. मागच्या महिन्यात तो भेटला तेव्हा त्याने विचारले की, त्या आजींचा पत्ता तुमच्याकडे असेल का, मला त्यांना एक पत्र लिहावयाचे आहे. काय लिहिणार, असे मी विचारले. तो म्हणाला, "माझे वडील आहेत, हे सांगायचं आहे." पत्ता माझ्यापाशी नव्हता. परंतु त्यांच्या खोलीत मी गेलो होतो. तसबीर पुन्हा त्याच खिळ्यावर आहे. ती आता आपल्या वस्तीत कोणालाही उतरवावी लागू नये, एवढ्याकरिता हा निधी काढावयाचा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!